तटस्थाची जागा : कॅमेऱ्याचे अंतर, कोन आणि नवेगावबांधचा तलाव

मराठी समीक्षेत ‘दृष्टिकोन’ हा शब्द इतका रुळला आहे की त्यातील ‘कोन’ आता कोणाच्या लक्षातही येत नाही. लेखकाचा जीवनविषयक दृष्टिकोन, स्त्रीवादी दृष्टिकोन, समाजशास्त्रीय दृष्टिकोन अशी पदे आपण वापरतो, तेव्हा आपल्याला अभिप्रेत असते ते एखादे मत, एखादी भूमिका किंवा फार तर एखादी वृत्ती. पाहणाऱ्याला देह असतो, तो देह कुठेतरी उभा असतो आणि तेथून त्याला काही दिसते व काही दिसत नाही, हा त्या शब्दाचा मूळ आशय रूपकात विरून गेला आहे. चित्रपटाला हे विस्मरण परवडणारे नाही. कॅमेरा कुठेतरी ठेवावाच लागतो. पात्रापासून किती अंतरावर, जमिनीपासून किती उंचीवर आणि कोणत्या बाजूला कललेला, याचा निर्णय घेतल्यावाचून एक चौकटही चित्रित होत नाही. त्या अर्थाने शॉट आणि अँगल ही मतांची नावे नसून जागांची नावे आहेत. साहित्याच्या अभ्यासकाला त्यांचे महत्त्व वाटले पाहिजे ते याच कारणासाठी.

प्रत्यक्षात घडते ते निराळेच. ‘साहित्याचे माध्यमांतर’ हा विषय मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत स्थिरावला, तसा शॉट आणि अँगल यांचा एक आटोपशीर कोशही विद्यार्थ्यांच्या वह्यांत स्थिरावला. लाँग शॉट म्हणजे परिसर, मिड शॉट म्हणजे परस्परसंबंध, क्लोज-अप म्हणजे भावना. कॅमेरा खालून वर पाहू लागला की पात्र सामर्थ्यवान, वरून खाली पाहू लागला की ते दुबळे. उत्तरपत्रिका तपासताना हे समीकरण इतक्या वेळा भेटते की चित्रपट न पाहताही त्यावर उत्तर लिहिता यावे, अशीच त्याची रचना असावी असे वाटू लागते. वस्तुतः डेव्हिड बॉर्डवेल आणि क्रिस्टिन थॉम्पसन यांनी ‘फिल्म आर्ट’ या १९७९ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि जगभर शिकवल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकात नेमका याविरुद्ध इशारा दिलेला आहे. कोणत्याही कोनाला स्वतःचा असा कायमचा अर्थ नसतो. तो त्याला त्या त्या कृतीच्या संदर्भात लाभतो. इशारा बरोबर आहे. पण तो अपुरा आहे. संदर्भाने अर्थ ठरतो एवढे म्हणून समीक्षकाचे काम संपत नाही. संदर्भातील नेमकी कोणती गोष्ट अर्थ ठरवते, हे त्याला सांगावे लागते.

येथे एक भेद आधीच स्पष्ट करणे अगत्याचे आहे, कारण मराठीत त्याची वारंवार गल्लत होते. कॅमेऱ्याची उंची आणि कॅमेऱ्याचा कोन या दोन स्वतंत्र बाबी आहेत. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या ‘तोक्यो स्टोरी’ (१९५३) या चित्रपटात कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्याही खाली असतो. पण तो वर कललेला नसतो, समोर पाहत असतो. कोशातील व्याख्येप्रमाणे पाहू गेल्यास हा ‘लो अँगल’ नव्हे. त्यातील म्हातारा-म्हातारी सामर्थ्यवान वाटत नाहीत आणि दुबळीही वाटत नाहीत. घर ज्या पातळीवर जगले जाते, त्या पातळीवर कॅमेरा उतरला आहे एवढेच जाणवते, आणि तेवढ्यानेच प्रेक्षक पाहुणा म्हणून नव्हे तर घरचा म्हणून त्या खोलीत शिरतो.

जेरार जेनेत यांनी १९७२ साली कथनमीमांसेत ‘कोण बोलतो’ आणि ‘कोण पाहतो’ हे दोन प्रश्न वेगळे केले. मराठीतील कादंबरीसमीक्षेला या भेदाचा पुष्कळ उपयोग झाला आहे. प्रस्तुत लेखात मला त्याला आणखी दोन प्रश्नांची जोड द्यावीशी वाटते. पाहणारा कुठून पाहतो? आणि ज्याला पाहिले जाते, त्याला उलट पाहता येते का? माझे म्हणणे असे की कोनाचा अर्थ ठरतो तो प्रामुख्याने या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून.

हे म्हणणे तपासून पाहण्यासाठी मी चित्रनगरीऐवजी एका तलावाचा काठ निवडतो आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध हे ते स्थळ. (१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यात मोडत असे, जुन्या पुस्तकांत त्याचा उल्लेख तसाच सापडतो.) निवडीमागे दोन कारणे आहेत. मराठीतील निसर्गलेखनाच्या एका महत्त्वाच्या पर्वाची ही भूमी आहे. आणि आज तेथे कॅमेऱ्यांची जितकी रूपे एकाच वेळी वावरतात, तितकी महाराष्ट्रातील फार थोड्या ठिकाणी वावरत असतील.

त्याआधी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. ‘तटस्थ’ या शब्दाचा अर्थ आपण निःपक्षपाती, अलिप्त असा करतो. सौंदर्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर ताटस्थ्य म्हटले की एडवर्ड बुलो यांची १९१२ सालची ‘मानसिक अंतरा’ची कल्पना आणि तिच्यातील समुद्रावरच्या धुक्याचा दृष्टान्त आठवतो. धुक्यात सापडलेल्या जहाजावरचा प्रवासी व्यावहारिक चिंता बाजूला सारतो आणि ते धुके त्याला सुंदर दिसू लागते. दृष्टान्त सुरेख आहे. मात्र त्या प्रवाशाला अंतर राखता येते ते जहाज चालवणारा कोणीतरी दुसरा आहे म्हणून, हे त्यात सांगितलेले नाही. ‘तटस्थ’ या शब्दाची व्युत्पत्ती ही उणीव भरून काढते. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. वाहत्या पाण्यात जो नाही, तो. म्हणजे ताटस्थ्य ही मनाची अवस्था होण्यापूर्वी पायांखालची जागा आहे. आणि तट जर कोणी बांधलेला असेल, तर तटस्थाच्या जागेलाही इतिहास असतो.

नवेगावचा तट बांधलेला आहे. गावाच्या नावातच तो आहे. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा हा जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. त्यांनाच पुढे कोलासुर देव म्हणून पूजले जाऊ लागले. कोहळी समाजाने पूर्व विदर्भात बांधलेल्या अशा लहानमोठ्या तलावांनी आणि बोड्यांनी हा सारा प्रदेश व्यापलेला आहे. भोवतालच्या टेकड्यांचा उपयोग करून घ्यायचा, त्यांच्यामधल्या फटी मातीच्या पाळीने बुजवायच्या आणि अडलेल्या पाण्यावर खालच्या बांध्यांत धान पिकवायचे, ही ती विद्या. नवेगावच्या भोवतालच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. या क्रमाने या जागेचे वर्णन बदलत गेले. जे शेतीचे साधन होते, ते प्रेक्षणीय स्थळ झाले.

या बदलाला अनुरूप असा एक शॉट आता सिद्ध झाला आहे. ड्रोन उपलब्ध झाल्यापासून पर्यटनाच्या चित्रफिती आणि प्रादेशिक चित्रपटांचे आरंभ यांना आकाशातून घेतलेल्या दृश्याचे जणू व्यसन लागले आहे. जलाशय कोणताही असो, चित्रण ठरलेले. कॅमेरा झाडांच्या शेंड्यांवरून सरकत येतो, एकाएकी पाणी उलगडते, टेकड्या सभोवार फेर धरतात, संगीत चढते. कोशाच्या भाषेत हा ‘एस्टॅब्लिशिंग शॉट’, म्हणजे स्थळाची ओळख करून देणारा. माझा आक्षेप त्याच्या सौंदर्याला नाही. तो ओळख चुकीची करून देतो याला आहे. एवढ्या उंचीवरून खाली पाहिले की पाळ ही एक बारीक हिरवी रेघ उरते आणि टेकड्यांच्या रेघेत मिसळून जाते. पाणी एका पातळीवर आहे आणि पलीकडची शेते त्याहून खालच्या पातळीवर, हा त्या स्थापत्याचा प्राण. पण वरून पाहताना खोलीचा फरकच नाहीसा होतो. तलाव सरोवर होतो. ते जणू निसर्गाने दिले आहे, असे चित्र तयार होते. अडीच-तीनशे वर्षांचे मानवी श्रम एका कोनाच्या निवडीने पुसले जातात, आणि पुसणाऱ्याला त्याची जाणीवही नसते.

याउलट पाळीवर उभे राहून, माणसाच्या उंचीवरून, कॅमेरा पाळीच्या रेषेत धरावा. चौकटीच्या एका अर्ध्यात पाणी, दुसऱ्या अर्ध्यात खाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, आणि मध्ये पायवाट. कोणतेही निवेदन न जोडता ही चौकट तलाव कसा चालतो ते सांगते. ती कमी पाहते, पण तिला अधिक कळते. कोन हा अलंकार नसून ज्ञानाचे साधन आहे, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

आता निसर्गलेखनाकडे वळू. या परिसराने मराठीला दोन निरनिराळे पाहणारे दिले, आणि त्या दोघांची तुलना आजवर बव्हंशी विषयांच्या अंगाने झाली आहे; अंतराच्या अंगाने ती व्हायला हवी. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक जवळच्याच अभयारण्यातील त्यांच्या मुक्कामातून आले. माडगूळकर हे पटकथाकारही होते, १९५९ सालच्या ‘सांगत्ये ऐका’ची पटकथा त्यांचीच, ही गोष्ट त्यांच्या निसर्गलेखनाच्या संदर्भात सहसा कोणी विचारात घेत नाही. त्यांचे वाक्य आखूड, विशेषणांना फारसे न जुमानणारे. एका वाक्यात एक हालचाल. आधी मोकळी जागा दिसते, मग तिच्यात काहीतरी हलते, मग ते काय आहे ते कळते. हा क्रम पटकथेचा आहे. आणि पाहणारा जवळजवळ नेहमी एकटा असतो. तो आडोशाला असतो, त्याला दिसते. त्याने दिसू नये हीच त्या पाहण्याची अट असते. ‘बनगरवाडी’च्या (१९५५) प्रथमपुरुषी निवेदनातही हीच शिस्त आहे. मास्तर वाडीला पाहतो, स्वतःविषयी मोजकेच बोलतो. अमोल पालेकरांच्या १९९५ सालच्या चित्रपटात हा मास्तर अपरिहार्यपणे दृश्यमान होतो, वाडीतल्या माणसांसारखाच चौकटीतला एक माणूस होतो. कादंबरीत ज्याच्या डोळ्यांनी आपण पाहत होतो, त्याला आता आपण पाहू लागतो. माध्यमांतरात काय गळाले आणि काय राहिले याची यादी करण्यापेक्षा हे एक स्थलांतर मला अधिक अर्थपूर्ण वाटते.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे पाहणे वेगळ्या जातीचे आहे. वनाधिकारी म्हणून त्यांनी नवेगावबांधला काढलेली वर्षे त्यांच्या पुष्कळशा लेखनाच्या मुळाशी आहेत. ‘नवेगावबांधचे दिवस’ या शीर्षकातच ती आहेत. त्यांच्या गद्याचा गौरव करताना आपण पक्ष्यांविषयीचे ज्ञान, शब्दांचे धन, रानाची भाषा इत्यादींचा उल्लेख करतो. ते खरेच आहे. तथापि, त्या गद्याच्या रचनेतील एक विशेष मला शॉटच्या परिभाषेशिवाय नीट सांगता येत नाही. चितमपल्लींच्या चौकटीत बहुधा आणखी एक माणूस असतो. नवेगावबांधच्या लेखनात तो माणूस म्हणजे माधवराव पाटील डोंगरवार. पक्षी दिसतो तो आधी माधवरावांना. त्याचे स्थानिक नाव, त्याची सवय, त्याचा हंगाम माधवरावांकडून कळतो. आणि वाचकाला तो पक्षी माधवरावांच्या खांद्यावरून दिसतो. चित्रपटात याला ‘ओव्हर द शोल्डर’ शॉट म्हणतात. चौकटीच्या कडेला पाठमोऱ्या माणसाचा खांदा आणि मान असते, आणि त्यापलीकडे तो जे पाहतो आहे ते. या शॉटमध्ये दृश्य कोणाच्या तरी मार्फत आल्याची खूण पुसली जात नाही. माडगूळकरांचा आडोसा पाहणाऱ्याला लपवतो. चितमपल्लींचा खांदा पाहण्याचे ऋण कबूल करतो. मराठी निसर्गलेखनात ही कबुली दुर्मीळ आहे आणि तिचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

परंतु चित्रपटाच्या व्याकरणात खांद्यावरून घेतलेल्या शॉटला एक जोड अपेक्षित असते. दोन माणसे समोरासमोर असतील तर एकाच्या खांद्यावरून दुसरा दिसतो आणि मग कॅमेरा वळून दुसऱ्याच्या खांद्यावरून पहिला दिसतो. हा रिव्हर्स शॉट. तो आला नाही तर संभाषण अर्धवट राहते. नवेगावबांधच्या लेखनात तो क्वचितच येतो. माधवरावांच्या मार्फत आपण पक्षी पाहतो, रान पाहतो, तलावही पाहतो. पण माधवरावांनी त्या वनाधिकाऱ्याकडे पाहिले तेव्हा त्यांना काय दिसले? ज्यांच्या पूर्वजांनी तट बांधला त्या समाजातला एक माणूस, आणि तो तट ज्या खात्याच्या वनाने वेढला आहे त्या खात्याचा एक अधिकारी: या दोघांच्या स्नेहात एक सुप्त विषमता होती. तिने स्नेह उणावला नाही. मात्र तिने चौकट ठरवली. हा दोष लेखकाच्या प्रामाणिकपणाचा नाही. प्रथमपुरुषी निसर्गलेखन हा प्रकारच असा आहे की त्यात कॅमेरा वळवायचा म्हटले तर तो निवेदकाच्या हातून सुटावा लागतो.

जवळीक या कल्पनेचाही येथे फेरविचार करावा लागतो. क्लोज-अप म्हणजे जवळीक, हे कोशातले सर्वांत निर्वेध मानले गेलेले समीकरण. मराठी माणसाच्या चित्रपटात क्लोज-अपचा इतिहास जुना आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’च्या (१९१९) आरंभीच बालकलाकार मंदाकिनी हिच्या मुद्राभिनयाचे जवळून घेतलेले दर्शन आहे. पण आपल्या प्रश्नासाठी ‘अमृतमंथन’ (१९३४) अधिक उपयोगी आहे. शांतारामबापूंनी त्यात राजगुरूच्या डोळ्याचा, हिंदी आवृत्तीत तो चंद्रमोहन यांचा होता, पडदा व्यापणारा शॉट घेतला, आणि त्यासाठी टेलिफोटो भिंग वापरले. म्हणजे डोळा जवळ आला, कॅमेरा गेला नाही. ही जवळीक भिंगाची आहे, पावलांची नाही. या दोन जवळिकींत मूलभूत भेद आहे. पावलांनी जवळ जाणाऱ्या कॅमेऱ्यासमोरच्याला तो आल्याचे कळते; भिंगाने जवळ आणणाऱ्याचा पत्ता लागत नाही. शिवाय लांब भिंग अंतरे दडपते, पाठीमागचे पुढे आणते, सारे एका प्रतलात चिकटवते. राजगुरूच्या बाबतीत हेच हवे होते. त्याची नजर अवकाशातून सुटलेली, कोठूनही रोखली जाणारी अशी भासावी, यासाठी तिला तिच्या जागेपासून तोडणे आवश्यक होते.

हेच भिंग पाण्याच्या काठावर येते तेव्हा काय होते? सारसाचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात सारस क्रौंच आता प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात आणि लगतच्या भागात, फार थोड्या संख्येने उरला आहे. हा पक्षी पाणथळीत आणि धानाच्या बांध्यांत घरटे करतो, आणि उभा राहिला की त्याची उंची माणसाएवढी, सुमारे पाच ते सहा फूट भरते. लांब भिंगाने घेतलेल्या त्याच्या छायाचित्रांत मागचे सारे धूसर असते. लाल मान, राखाडी पिसे, पिवळसर हिरवा पट्टा. बांधी नाही, बांधीचा मालक नाही, चिखल तुडवणारे पायही नाहीत. क्लोज-अप मिळतो, ज्या नात्याने तो पक्षी तिथे टिकला, ते नाते गळते. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला सारस दिसतो तो मात्र निराळ्या कोनातून. अंतर बरेच असेल, शॉट लाँगच असेल. परंतु दोघांच्या डोळ्यांची उंची जवळपास सारखी आहे, आणि पक्ष्याने मान वळवली तर त्याला तो शेतकरी दिसतो. पक्ष्यांच्या बाबतीत ‘आय लेव्हल’ हा शब्द अक्षरशः लागू पडावा, असा दुसरा पक्षी आपल्याकडे शोधावा लागेल. येथे लाँग शॉटमध्ये जी जवळीक आहे ती क्लोज-अपमध्ये नाही, कारण येथे उलट नजरेची शक्यता शाबूत आहे.

मचाण हे याचे दुसरे टोक. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणे बांधून वन्यप्राण्यांची मोजदाद करण्याची प्रथा महाराष्ट्राच्या वनांत आहे. मचाणावरून दिसते ते हाय अँगलने, आणि कोशाप्रमाणे खाली पाण्याला आलेला प्राणी दुबळा दिसायला हवा. तसे घडत नाही. वर बसलेला माणूसच श्वास रोखून, खोकला दाबून, स्वतःला जवळपास नाहीसे करून बसलेला असतो. उंचीने त्याला सत्ता दिलेली नाही. दिसण्यासाठी त्याने स्वतःचे असणे तात्पुरते गहाण टाकले आहे. जुन्या मराठीत ‘तटस्थ होणे’ म्हणजे थक्क होऊन स्तब्ध राहणे असाही अर्थ होता. मचाणावरचा माणूस त्या अर्थाने तटस्थ असतो. त्याच मचाणावर बंदूक घेऊन बसलेला शिकारी असता तर कोन तोच राहिला असता, उंची तीच, अंतर तेच. अर्थ मात्र उलटा झाला असता.

आणि आता असा कॅमेरा आला आहे, ज्यामागे कोणीच नाही. पंजांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत मागे पडून देशभर २००६ पासून कॅमेरा ट्रॅप वापरात आले. रानवाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, एकमेकांसमोर दोन कॅमेरे बसवतात. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून दोन. समोरून काहीही गेले की कळ आपोआप दाबली जाते. यातही शॉट आहे, उंची आहे, कोन आहे; किंबहुना कोणत्याही छायालेखकापेक्षा काटेकोर, नियमावलीने ठरवलेला कोन आहे. परंतु जेनेतचा प्रश्न विचारला, कोण पाहतो, तर उत्तर मिळत नाही. पाहिले जाते ते नंतर, कार्यालयात, पडद्यावर. जो वाटेने गेला तो टिपला गेला: वाघ, अस्वल, गुराखी. येथे दृष्टीवाचून कोन आहे. संपूर्ण ताटस्थ्याची कल्पना करायची तर ती याहून वेगळी करता येईल असे वाटत नाही, आणि ती कलेच्या कामाची नाही हेही त्याच क्षणी स्पष्ट होते. त्या चित्रांतील वाघ कधीकधी थेट भिंगाकडे पाहताना दिसतो. त्याने कोणाकडे पाहिले?

चित्रपटातील उलट नजरेचा सर्वांत परिणामकारक मराठी प्रसंग मला ‘फँड्री’च्या (२०१३) अखेरीस दिसतो. नागराज मंजुळे यांनी तेथे डुकरे पकडणारे कुटुंब आणि कडेला जमून तो खेळ पाहणारे गावकरी अशी मांडणी केली आहे. एक बाजू तटावर, दुसरी चिखलात. बराच वेळ प्रेक्षक पाहतो तो दोघांनाही. आपण चित्रपटगृहात बसलो आहोत, म्हणजे आपण गावकऱ्यांत नाही, अशी त्याची समजूत असते. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो थेट कॅमेऱ्यावर येतो. या एका शॉटविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातले बरेचसे विद्रोहाच्या आशयाविषयी आहे. रचनेच्या दृष्टीने पाहता तो एक रिव्हर्स शॉट आहे, जो संपूर्ण चित्रपटभर थकवून ठेवला होता. ज्याला पाहिले जात होते त्याने पाहिले, आणि त्या पाहण्याने तटस्थांची जागा प्रकट केली. कॅमेरा कलला नाही, उंच किंवा खाली गेला नाही. तो फक्त सापडला.

नवेगावबांधच्या तटावर असा दगड कोणी उचललेला नाही, आणि उचलावा असेही मला सुचवायचे नाही; दोन परिस्थितींतील अंतर मोठे आहे. तरीही या तलावाचे चित्रण करू पाहणाऱ्याला रिव्हर्स शॉट कुठे शोधावा हे सांगता येईल. डोंग्यात बसून जाळे टाकणाऱ्या ढिवराची नजर पाण्याला जवळजवळ टेकलेली असते. त्याला सात टेकड्या फेर धरताना दिसत नाहीत, त्याला पाण्याचा रंग, गवताची दाटी आणि पाळीवर उभ्या राहिलेल्या पर्यटकांची रांग दिसते. ती रांग त्या उंचीवरून कशी दिसते, हे कोणत्याही चित्रफितीत मी पाहिलेले नाही.

दुसरी जागा पाळीच्या पलीकडची. रोवणीची दृश्ये आपण नेहमी पाळीवरून पाहत आलो आहोत. वाकलेल्या पाठी, रंगीत लुगडी, पाण्यात पडलेले आभाळ. दिनदर्शिकांनी हा हाय अँगल लोकप्रिय केला आणि ग्रामीण चित्रपटांनी तो उचलला. कॅमेरा खाली बांधीत उतरवला, रोवणाऱ्या बाईने क्षणभर कंबर सरळ केली त्या उंचीवर आणला आणि तिच्या नजरेबरोबर पाळीकडे वळवला, तर चौकटीत भिंतीसारखी उभी मातीची पाळ येते. लो अँगल. पाणी दिसत नाही. ते पाळीच्या मागे, तिच्या डोक्याहून वर आहे. तिचे धान त्यावर आहे आणि पाळ फुटली तर पहिल्यांदा बुडणारी जागाही तीच आहे. पाळीच्या माथ्यावर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर, दुर्बीण घेतलेला एक माणूस पाठमोरा उभा आहे. तो पक्षी पाहतो आहे.